मांडीवरचं बोट

रुग्णाला पलंगावर उताणं झोपवायचं आणि फुगलेल्या शिरांचा पाय सरळ वर धरायचा. थोड्याच वेळात शिरा रिकाम्या होतात, पायावरची वेटोळी नाहीशी होतात. मग मांडीच्या वरच्या भागात आतल्या बाजूने मोठी शीर जाते, तिथे बोट दाबून धरायचं आणि रुग्णाला तसंच उभं करायचं. बोट दाबलेलं असेपर्यंत पाय बराचसा सपाट राहतो. खालून सावकाश थोडं रक्त भरतं, एवढंच. बोट उचललं की रक्त वरून खाली धावत येतं आणि मांडीपासून घोट्यापर्यंतच्या गाठी डोळ्यांदेखत फुगतात.

या तपासणीला ट्रेंडेलेनबर्ग टेस्ट म्हणतात. मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांत विद्यार्थी आजही परीक्षेसाठी ती पाठ करून येतात. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग हा जर्मन शल्यविशारद बॉन इथे प्राध्यापक असताना, १८९०-९१च्या सुमारास, त्याने मांडीतली शीर बांधण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. तपासणीचं श्रेय मात्र त्याला एकट्याला देता येत नाही. लंडनच्या बेंजामिन ब्रॉडीने १८४६ साली जवळजवळ हेच निरीक्षण लिहून ठेवलं होतं. ब्रॉडीने जे पाहिलं त्यावरून शस्त्रक्रियेचा नेम कुठे धरायचा, हे ट्रेंडेलेनबर्गने ठरवलं. पायातल्या शिरांतलं रक्त वर हृदयाकडे जायला हवं. इथे ते उलटं खाली पडतंय. म्हणजे रोगाचं मूळ पोटरीवरच्या गाठींत शोधण्यात अर्थ नाही, ते कितीतरी वर आहे.

एवढी साधी गोष्ट कळायला माणसाला तीन हजारांहून जास्त वर्षं लागली, आणि त्या काळात गाठींवर जे जे प्रयोग झाले ते वाचताना अंगावर काटा येतो.

इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी १५५०च्या आसपास, सापासारख्या वळणांच्या सुजेला सुरी लावू नये असा इशारा आहे. अभ्यासक तो व्हेरिकोज, म्हणजे अशा फुगून वेटोळ्या झालेल्या, शिरांबद्दलचाच मानतात. ग्रीक हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतही मोठी फुगलेली शीर कापण्याला विरोधच होता. सुईने ठिकठिकाणी टोचावं, पट्टा बांधावा, इतपत ठीक. पायावरचे न भरणारे व्रण आणि या शिरा यांचा काहीतरी संबंध आहे, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ग्रंथींच्या प्रकारांत सिराज ग्रंथी येते. तिचं कारण म्हणून दुबळ्या माणसाने केलेले अतिश्रम आणि वायूचा कोप सांगितला आहे. शरीरात सातशे सिरा आणि त्यांपैकी अठ्ठ्याण्णवांना शस्त्र लावायचं नाही, अशी मोजदादही त्याच ग्रंथात आहे. म्हणजे नाईलच्या काठापासून गंगेच्या काठापर्यंत शहाण्या वैद्यांचा पहिला सल्ला जपून राहण्याचा होता. तो घाबरटपणा नव्हता. भूल नाही, जंतूंची कल्पना नाही, आणि ताणलेली शीर फुटली की माणूस उभ्याउभ्या रक्त गमावतो, हे त्यांनी पाहिलेलं असणार.

रोगी मात्र काहीतरी उपाय मागतच राहिले. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला एक संगमरवरी नवसाचा शिल्पपट आहे. अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी अमायनोस नावाच्या वैद्य-वीराचं देवस्थान होतं, तिथे लायसिमाकिडीस नावाच्या माणसाने तो वाहिला. त्यात एक दाढीवाला पुरुष जवळजवळ स्वतःएवढा मोठा पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि त्या पायाच्या आतल्या बाजूने एक जाड शीर वर गेलेली आहे. वैद्यकाच्या इतिहासात व्हेरिकोज शिरेचं याहून जुनं स्पष्ट चित्र सहसा दाखवलं जात नाही. शिल्पकाराने शीर अगदी योग्य जागी कोरली आहे, हे विशेष.

रोमनांनी सुरी हातात घेतली. पहिल्या शतकातल्या सेल्ससने दोन रीती लिहून ठेवल्या: शीर उघडी करून तापल्या लोखंडाने डागणं, किंवा चार-चार बोटांच्या अंतरावर कातडीला छेद देऊन आकड्याने शीर वर ओढून कापून काढणं. त्याच्या आधीचा या शस्त्रक्रियेचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे सात वेळा कॉन्सल झालेला सेनापती गायस मारियस. त्याच्या दोन्ही पायांवर शिरांच्या गाठी होत्या आणि तो कुरूपपणा त्याला सहन होत नव्हता. अशा वेळी रुग्णाला बांधून ठेवण्याची पद्धत होती. मारियसने बांधून घ्यायला नकार दिला आणि हूं की चूं न करता एका पायावरच्या शिरा कापून घेतल्या. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने थांबवलं. या वेदनेच्या मानाने मिळणारा गुण फारसा मोलाचा नाही, अशा अर्थाचं तो बोलला, असं प्लूटार्क सांगतो. सिसेरोनेही या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. मारियसच्या धैर्याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट शतकानुशतकं सांगितली गेली. मला तिच्यात धैर्यापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. सौदा तोट्याचा आहे हे त्याने एका पायावरून ओळखलं.

पुढच्या हजार वर्षांत हात सुधारले, समज फारशी नाही. सातव्या शतकात एजायनाच्या पॉलने रुग्णाला उभं करून, मांडीला पट्टा आवळून, शिरेचा मार्ग शाईने आखून घेण्याची आणि मग मांडीतच दोन दोऱ्यांमध्ये ती बांधण्याची रीत दिली. जागेची निवड अचूक होती, कारण मात्र त्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. कॉर्दोबाच्या अल-झहरावीने दहाव्या शतकाच्या अखेरीस शीर टप्प्याटप्प्याने मोकळी करून ओढून काढण्याचं वर्णन केलं. या सगळ्यांच्या डोक्यावर गेलनचा द्रवसिद्धांत बसलेला होता. यकृतात तयार झालेलं रक्त शिरांतून अवयवांकडे वाहतं, दूषित जड रक्त खाली साचतं आणि पायावरचा व्रण ही त्या घाणीची बाहेर पडायची वाट. मग व्रण बरा करणं धोक्याचं ठरलं, कारण आत कोंडलेला काळा पित्तरस डोक्यात गेला तर माणूस वेडा होईल. रुग्णाचा व्रण मुद्दाम वाहता ठेवणारे वैद्य दुष्ट नव्हते; त्यांच्या पुस्तकाप्रमाणे ते त्याला वाचवत होते.

कोडं सुटायला सुरुवात झाली ती पाडुआत, आणि तीही एका चुकीच्या उत्तराने. तिथल्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या जिरोलामो फाब्रित्सियोने शिरांच्या आत छोट्या पातळ झडपा असल्याचं विद्यार्थ्यांना दाखवलं आणि १६०३ साली त्यांवर सचित्र पुस्तिका काढली. दंडाला पट्टी बांधली की हाताच्या शिरांवर जागोजागी बारीक गाठी उठतात. त्या या झडपांच्या जागा. चित्रं सुंदर होती. अर्थ मात्र त्याने गेलनच्या चौकटीत लावला: रक्त खाली जातंच, ते एकदम हातापायांत जाऊन साचू नये म्हणून झडपा त्याला अडखळवतात. डोळ्यांसमोर झडप एकाच दिशेला उघडते आहे, आणि तरी रक्त दुसऱ्या दिशेने वाहतं असं मानणारा हा विद्वान मला फार जवळचा वाटतो. आपण सगळेच असं करतो.

त्याच्या वर्गात विल्यम हार्वे नावाचा इंग्रज विद्यार्थी होता. १६०२ मध्ये पाडुआची पदवी घेऊन तो परतला आणि १६२८ मध्ये त्याने रक्ताभिसरणाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. बांधलेल्या हाताचं चित्र त्याने गुरूच्याच पुस्तिकेवरून घेतलं, फक्त त्यात बोटं वाढवली: शिरेवरून रक्त खालच्या बाजूला ढकलून पाहणारी बोटं. ते झडपेपलीकडे जात नाही. पुढे रॉबर्ट बॉईलने विचारलं तेव्हा हार्वेने झडपांमुळेच आपल्याला अभिसरणाची कल्पना सुचली, असं सांगितल्याचं बॉईलने नोंदवलं आहे.

आता खरं तर व्हेरिकोज शिरांचं गणित कुणालाही मांडता आलं असतं. उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत हृदयापासूनच्या सगळ्या रक्तस्तंभाचा भार असतो, पाऱ्याच्या मापात सुमारे ९० मिलिमीटर. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, झडपा ते परत येऊ देत नाहीत आणि तो दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. झडपा निकामी झाल्या की माणूस कितीही चालला तरी दाब हवा तितका उतरत नाही. शिरा ताणतात, वळतात, घोट्याभोवतीची कातडी काळवंडते आणि शेवटी फाटते. दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या, आपल्याकडच्या शिक्षिका, वाहतूक पोलीस आणि भटारखान्यातल्या आचाऱ्यांच्या तक्रारींमागे हाच भार असतो.

पण हार्वे ते ट्रेंडेलेनबर्ग यांच्यामध्ये अडीचशेहून जास्त वर्षं गेली. समज आली म्हणून सुरी सुरक्षित होत नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शल्यवैद्य रिचर्ड वाइझमन याने १६७६च्या ग्रंथात बंद बांधून घट्ट करायचा चामड्याचा मोजा सुचवला, आणि तो चांगलाच उपाय होता. लंडनच्या एव्हरार्ड होमने अठराव्या शतकाच्या शेवटी गुडघ्याजवळ शीर बांधून पाहिली. पण बांधलेल्या शिरेत पू झाला की तो रक्तातून शरीरभर पसरे आणि पायाच्या गाठींची तक्रार घेऊन आलेला धडधाकट माणूस तापाने मरे. ज्या रोगाने सहसा मरण येत नाही त्याच्या उपचाराने मरण येऊ लागलं, तर कुठला शहाणा सर्जन पुन्हा हात घालेल? १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा स्वच्छ ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तेव्हा कुठे मोजा हाच शेवटचा शब्द उरला नाही.

निर्धास्त झालेल्या सर्जनांनी मग जरा अतिरेकच केला. १८८४ मध्ये ओटो माडेलुंगने पायावर लांबच लांब छेद घेऊन अख्खी शीर कापून काढली. १९०८ मध्ये रिंडफ्लायशने पायाभोवती गोल गोल फिरत जाणारा छेद घेतला, वाटेत येईल ती प्रत्येक शीर बांधली आणि ती जखम उघडीच ठेवून हळूहळू भरू दिली. त्या पायांची छायाचित्रं पाहिली की रोग बरा झाला असला तरी तो कुणाचा विजय म्हणायचा, असा प्रश्न पडतो. पायातली शीर आणि तिची वळणं जितकी दिसतील तितकी उपटायची, हा जुना सेल्ससचाच विचार होता. आता त्याला भुलेची साथ मिळाली होती.

या पार्श्वभूमीवर ट्रेंडेलेनबर्गची शस्त्रक्रिया जवळजवळ लाजाळू वाटते. मांडीवर एक छोटा छेद, तिथल्या त्या मोठ्या शिरेला, म्हणजे सॅफेनसला, दोन दोरे, मधला तुकडा कापला, टाके. खालच्या गाठींना त्याने हातही लावला नाही. वरचा भार तोडला की त्या आपोआप निवळतील आणि व्रण भरेल, हा त्याचा हिशेब, आणि पुष्कळदा तो बरोबर निघाला. नंतर काही पायांवर गाठी परत आल्या. त्याचाच शिष्य गेओर्ग पेर्थेस याने १८९५ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा करून हे अपयशही छापलं. गुरूची शस्त्रक्रिया गुरूच्याच शिष्याने अशी तपासणं तेव्हाही रोजचं नव्हतं. गुरूने दोरा मांडीत बांधला होता; शीर जांघेत खोल शिरेला मिळते तिथपर्यंतच्या फाट्यांतून रक्त पुन्हा वाट काढत होतं. १८९६ मध्ये मेलबर्नच्या विल्यम मूरने दोरा वर जांघेपर्यंत नेला. बोस्टनच्या जॉन होमन्सने १९१६ मध्ये नियमच घालून दिला: शीर अगदी संगमाशी बांधा आणि तिथे येऊन मिळणारा एकही फाटा सोडू नका. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं सर्जन हेच शिकले.

ट्रेंडेलेनबर्गबद्दल आणखी एक सांगायला हवं. ऑपरेशन टेबलावर डोकं खाली आणि कंबर वर अशी जी स्थिती देतात तीही त्याच्याच नावाने ओळखली जाते. पायातून सुटलेली गुठळी फुफ्फुसात अडकली तर छाती उघडून ती काढता येईल, असं त्याने १९०८ मध्ये मांडलं होतं. त्याच्या हातून एकही रुग्ण वाचला नाही. १९२४ मध्ये क्योनिग्सबर्गला मार्टिन किर्शनरने ती शस्त्रक्रिया यशस्वी केली. ट्रेंडेलेनबर्ग तेव्हा हयात होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वारला.

दोरा बांधणं पुरेसं नाही, शीर काढलीही पाहिजे, पण अख्खा पाय न फाडता. ही अडचण अवघ्या दोन-तीन वर्षांत तीन अमेरिकनांनी तीन रीतींनी सोडवली. लष्करातला सर्जन विल्यम केलर याने १९०५ मध्ये शिरेच्या पोकळीतून तार घातली, शिरेचं एक टोक तारेला बांधलं आणि दुसरीकडून ओढलं. शीर पायातून काढलेल्या मोज्यासारखी उलटी होत बाहेर आली. मिनेसोटातल्या चार्ल्स मेयोने लांब दांड्याच्या कड्यात शीर ओवली आणि कडं बाहेरून पुढे सरकवत तिचे फाटे तोडले. फिलाडेल्फियाच्या वेन बॅबकॉकने १९०७ मध्ये लवचीक सळईच्या टोकाला गोलसर बोंड बसवलं. सळई शिरेतून घोट्यापासून जांघेपर्यंत नेली, शीर तिला बांधली आणि बोंड ओढलं की शीर त्यावर चुरगळत गोळा होऊन निघून येई. बॅबकॉकची सळई जिंकली. त्याच धर्तीची ‘स्ट्रिपिंग’ विसाव्या शतकभर जगातल्या बहुतेक शस्त्रक्रियागृहांत चालली. तिची किंमत होती: मांडीभर काळंनिळं रक्त साकळायचं, आणि घोट्यापर्यंत शीर ओढली की तिला चिकटून जाणारा संवेदनेचा मज्जातंतू दुखावून पायाच्या आतल्या बाजूला बधिर पट्टा राहायचा. म्हणून पुढे सर्जन गुडघ्याच्या जरा खालीच थांबायला शिकले. केलरच्या उलट्या ओढण्याने आजूबाजूला इजा कमी होते हेही शतक संपता संपता पुन्हा लक्षात आलं आणि त्या रीतीचे सुधारित अवतार वापरात आले.

सुरीला स्पर्धा होती ती सुईची. उपदंशाच्या रुग्णांना शिरेतून पाऱ्याचे क्षार टोचताना ती शीरच बंद पडते, हे डॉक्टरांनी पाहिलं आणि अपघाताचा उपचार झाला. जर्मनीत लिन्झरने पाऱ्याचं संयुग, फ्रान्समध्ये सिकारने सोडियम सॅलिसिलेट वापरलं. डब्लिनचा जॉर्ज फेगन १९६०च्या दशकात इंजेक्शननंतर पाय घट्ट बांधून रुग्णाला चालायला पाठवायचा. खाट नको, रजा नको. लंडनच्या जॉन हॉब्सने मग दोन्ही पद्धतींची चिठ्ठ्या टाकून तुलना केली आणि १९७४ मध्ये निकाल मांडला: लहानसहान शिरांना सुई चांगली, पण मुख्य शिरेतूनच रक्त उलटं येत असेल तर काही वर्षांनी सुरीचीच बाजू वरचढ ठरते. स्वित्झर्लंडच्या न्यूशातेलमधला त्वचारोगतज्ज्ञ रॉबेर म्युलर तोपर्यंत मिलिमीटरभर छिद्रांतून बारीक आकड्यांनी फाटे काढत होता. सेल्ससचा आकडा, फक्त टाका न लागण्याइतका बारीक.

याच दरम्यान त्या शिरेचा भावच बदलला. १९४८ मध्ये पॅरिसला झाँ कुनलँने मांडीतली बंद पडलेली धमनी ओलांडण्यासाठी सॅफेनस शीर पूल म्हणून जोडली. १९६७ मध्ये अर्जेंटिनाचा रेने फावालोरो अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये तीच शीर हृदयाच्या धमन्यांसाठी वापरू लागला आणि बायपास हा शब्द पुढे आपल्या घराघरांत पोचला. पूल बांधताना शीर उलटी लावावी लागते, नाहीतर तिच्या धड असलेल्या झडपाच रक्त अडवतात. ज्या शिरेला साठ वर्षं बादलीत टाकलं, ती आता हृदयासाठी राखून ठेवावी लागणारी ठेव झाली. निरोगी भाग उगाच उपटू नका, असं सर्जन एकमेकांना बजावू लागले. त्यासाठी नेमका कुठला भाग बिघडलाय हे कळणं भाग होतं, आणि ते बोटाने कळणारं नव्हतं. १९८०च्या दशकात डुप्लेक्स सोनोग्राफीने रक्त कुठे, किती वेळ उलटं वाहतं हे पडद्यावर दिसू लागलं.

शतकाच्या शेवटी बॅबकॉकच्या सळईची जागा उष्णतेने घेतली. १९९९च्या सुमारास रेडिओफ्रीक्वेन्सीची नळी युरोप-अमेरिकेत वापरात आली, त्याच वर्षी स्पेनच्या कार्लोस बोनेने शिरेच्या आत लेझर चालवला. गुडघ्याजवळ सुई, त्यातून नळी, सोनोग्राफीवर बघत ती जांघेखाली नेऊन थांबवायची आणि परत येता येता शीर आतून भाजून बंद करायची. रेडिओफ्रीक्वेन्सीत सात सेंटिमीटरचा एक टप्पा १२० अंश सेल्सिअसवर, वीस सेकंद. हे जागेपणी करता येतं ते कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइनमुळे. चरबी काढण्यासाठी त्याने १९८७ मध्ये खूप पातळ केलेलं बधिरीकरण प्रसिद्ध केलं होतं. तेच शिरेभोवती भरलं की दुखणं थांबतं आणि आजूबाजूच्या पेशी भाजतही नाहीत. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. २०१३ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने क्रम लावून दिला: आधी उष्णतेचा उपचार, ते जमत नसेल तर शीर बंद करणाऱ्या औषधाच्या फेसाचं इंजेक्शन, आणि तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया. शंभर वर्षं राज्य केलेली स्ट्रिपिंग तिसऱ्या नंबरावर गेली. २०१८ मध्ये ब्रिटनच्याच वीस रुग्णालयांतल्या ४५० व्रणरुग्णांच्या चाचणीत लवकर शीर बंद केलेल्यांचे व्रण मध्यकाने ५६ दिवसांत भरले. आधी पट्टी आणि शीर नंतर, अशांना ८२ दिवस लागले.

यात होमन्सचा नियम कधी मोडला, हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. लेझरची नळी संगमाच्या जरा खालीच थांबते आणि जांघेतल्या फाट्यांना हात लावत नाही. होमन्सच्या शिष्याने याला निष्काळजीपणा म्हटलं असतं. पण जांघ उघडून सगळे फाटे बांधले की त्या वणातून शरीर नव्या बारीक शिरा उगवतं आणि त्या जुन्या मार्गाला पुन्हा जाऊन मिळतात, हे सोनोग्राफीने दाखवलं. लेझरनंतर असं कमी होतं, तिथे सोडून दिलेलेच फाटे पुढे फुगतात. पाच वर्षांनी पाहिलं तर पायावर पुन्हा शिरा दिसू लागलेल्यांचं प्रमाण शस्त्रक्रिया आणि लेझर या दोन्ही गटांत साधारण सारखंच निघतं. रक्ताने खाली यायला शोधलेली वाट तेवढी वेगळी असते.